वन्संनी मूठ वर केली

छपराचा पहिला पत्रा त्यांनी उचकटला तेव्हा मी चुलीपुढे बसले होते, आणि वरून गंजाचा चुरा सरळ उकळत्या पातेल्यात पडला. माझं डोकं फिरायला तेवढं पुरलं. तसंही ते फिरायला फार काही लागत नाही, घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पळी हातात घेऊनच बाहेर आले. बघते तर छपरावर दोघं चढलेले, खाली दोघं पत्रे झेलायला उभे, आणि जरा लांब धाकटा मालक नाकाला रुमाल लावून. जसं काही आमच्याच घराची घाण येत होती त्याला.

आमचं घर सॉ मिलच्या मागच्या अंगाला. सासऱ्यानं मिलच्याच टाकाऊ फळ्या जोडून बांधलेलं. म्हाताऱ्या मालकानं जागा दाखवली, इथं राहा म्हणाला, आणि सासरा राहिला. कागद नाही, बिगद नाही. आता म्हातारा मेला, आणि त्या उन्हाळ्यात रानाला वणवे लागले म्हणून लाकूडतोड बंद झाली. ओंडके येईनात, पातं फिरेना. रिकाम्या मिलमध्ये बसून धाकट्या मालकाच्या डोक्यात आलं की मागची जागा विकून टाकावी. घेणाऱ्याला जागा मोकळी हवी होती, आणि मोकळ्या जागेत आम्ही होतो.

माझा नवरा पाण्याला गेला होता. कळशी तिथंच टाकून धावत आला आणि सरळ शिडीवर चढला. वरच्यानं त्याच्या छातीत लाथ घातली. तो खाली आला तो उताणा, आणि उठायच्या आत गेंड्यानं फळी उचलून त्याच्या हातावर हाणली. गेंडा म्हणजे धाकट्या मालकाचा माणूस, मान अशी नाहीच, खांद्यावर थेट डोकं. मी आयुष्यभर लाकूड मोडताना ऐकलंय. हाड मोडल्याचा आवाज तसा नसतो, ओला असतो. मग दोघं मिळून लाथा घालायला लागले, पोटात, बरगड्यांत. नवरा भुशात लोळत होता आणि ओरडतही नव्हता.

ओंडके उलटायची पहार भिंतीला टेकून होती. मी ती दोन्ही हातांनी उचलली आणि गेंड्याच्या कमरेत घातली. मेला असता तरी मला वाईट वाटलं नसतं, उगाच खोटं कशाला बोलू. तो गुडघ्यावर आला. दुसऱ्यानं मागून माझे केस धरले, तोंडावर आपटलं आणि मानेवर पाय दिला. नाकातोंडात भुसा. रक्त आणि भुसा मिसळला की लापशी होते, ती मी गिळली.

तेवढ्यात वन्सं आल्या. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांचा नवरा लवकर गेला, तेव्हापासून त्या आमच्यातच. त्या काही मारायला धावल्या नाहीत. मधे येऊन उभ्या राहिल्या आणि धापा टाकत म्हणाल्या, की मी उद्या कोर्टात उभी राहणार आहे. धाकटा मालक खदखदून हसला.

"कोर्टात? झाडू मारायला?"

त्याचंही काही चुकलं नव्हतं म्हणा. वन्सं कोर्टाशेजारच्या मदत कचेरीत झाडूच मारायच्या. त्याआधी अर्धं आयुष्य मिलमध्ये पात्याच्या तोंडाशी ओंडके सरकवण्यात गेलं. छातीत भुसा भरला, दम लागायला लागला, तेव्हा काम सुटलं. त्या कचेरीत पुढं एक नवीच टूम निघाली. ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी साध्यासुध्या माणसांना शिकवायचं आणि कोर्टात बोलायला उभं करायचं. मागं एक खरा वकील लक्ष ठेवायला बसलेला असलाच पाहिजे. आणि बोलायचं ते फक्त घरादाराच्या भांडणात. वन्सं शिकल्या. गळ्यात फोटोचं कार्ड आलं. मी तेव्हा म्हणाले होते, वन्सं, बैलाच्या गळ्यात घंटा बांधतात तशी तुमच्या गळ्यात ही पाटी. त्या हसल्या होत्या.

पण कोर्टाचं नाव निघाल्यावर त्या दिवशी ते अर्धं छप्पर तसंच टाकून निघून गेले. नवऱ्याचा हात प्लास्टरमध्ये गेला. दोन बरगड्या तडकल्या. पोलिसांनी आमचं लिहून घेतलं, आणि गेंड्याच्या कमरेचंही तितक्याच प्रेमानं लिहून घेतलं. म्हणजे बरोबरी झाली. हाडं मोडली त्याबद्दल बोलायची वन्संना परवानगी नव्हती. त्यांचं कार्ड फक्त घरापुरतं होतं.

पहिल्या दिवशी कोर्टात वन्संची पार फजिती झाली. मधेच खोकल्याची उबळ आली, वाचलेली ओळ पुन्हा वाचली. मालकाच्या वकिलानं उठून विचारलं, या बाई कोण, आणि या इथं काय करताहेत? न्यायाधीश बाईंनी शांतपणे सांगितलं की नियम आहे, त्यांना बोलू द्या. वन्संच्या मागं एक दमेकरी म्हातारा वकील बसला होता. त्याच्या हाताखाली असे बरेच शिकाऊ होते, सगळ्यांच्या मागं बसून बसून बिचाऱ्याची पाठ धरली होती. मधूनच डुलकी काढायचा. मी त्याला चिमटा काढणार होते, नवऱ्यानं अडवलं. पण वन्संनी रडतखडत का होईना सांगितलं, की आम्ही तिथं दोन पिढ्या राहतो. न्यायाधीश बाई म्हणाल्या, पुढच्या तारखेपर्यंत घराला कुणी हात लावायचा नाही.

माझा जीव भांड्यात पडला, तो लगेच बाहेरही आला. कारण धाकट्या मालकानं लेखी उत्तर दिलं, की ही माणसं आमच्या मिलमध्ये कधी कामाला नव्हतीच. परवापरवा येऊन झोपडं ठोकलं, चोरटी वस्ती आहे. म्हाताऱ्या वकिलानं आम्हाला समजावलं, की सगळा डाव आता एवढ्यावरच आहे. आपण मिलची जुनी माणसं हे दिसलं तर घर राहील. नाही दिसलं तर त्याच संध्याकाळी पाडतील.

अंगात मिल मुरलेली माणसं आम्ही, आणि आता ते सिद्ध करा म्हणे. माझा नवरा चालतानाही ओंडका चुकवल्यासारखा चालतो. वन्संचा खोकला ऐका, आत करवत फिरते. पण हजेरी म्हाताऱ्या मालकाच्या डोक्यात असायची, मजुरी हातावर. कागदावर आम्ही कुठंच नव्हतो.

मग उरली माणसं. नवरा मिस्त्रीकडे गेला. मिस्त्री म्हणजे पात्यावरचा मुख्य माणूस. एकाच ओंडक्याची दोन टोकं या दोघांनी वर्षानुवर्षं धरलेली. पातं चालू असलं की मिलमध्ये बोललेलं ऐकू येत नाही, सगळं हातांनी बोलायचं. पंजा उघडा म्हणजे सरकव. बोट फिरवलं म्हणजे उलट. मूठ छातीशी आली की होतास तिथं थांब, नाहीतर कुणाचा तरी हात जातो. हे डोक्यात जात नाही, हातातच जातं. नवरा आणि मिस्त्री जेवतानासुद्धा खुणांनीच मीठ मागायचे, आणि मी वैतागायचे.

मिस्त्रीनं दार अर्धंच उघडलं. त्याची बायको आतून म्हणाली, कोण आहे, तर तो म्हणाला, कुणी नाही. नवरा समोर उभा असताना, तोंडावर! मग हळूच म्हणाला, की पातं पुन्हा सुरू झालं तर मला तिथंच उभं राहायचंय. नवऱ्यानं वाद घातला नाही. मोडका हात धरून परत आला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. मी मात्र दुसऱ्या दिवशी मिस्त्रीच्या दारात जाऊन त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. उपयोग काहीच झाला नाही, पण बरं वाटलं.

तारीख जवळ आली तशी एका दुपारी वन्सं कचेरीतून परतल्या नाहीत. मीच शोधायला निघाले. ऊन असं की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. मिलच्या कुंपणापाशी फळ्यांच्या थप्प्या असतात, त्यांच्यामागं त्या सापडल्या. कुशीवर पडलेल्या, गुडघे पोटाशी घेतलेले. तोंड फुटलं होतं. वरचा ओठ सुजून नाकाला टेकलेला, पुढचे दात नव्हते. एक दात हातात धरून ठेवला होता, का कोण जाणे. बोलणारीचं तोंडच फोडायचं, अशी अक्कल गेंड्याची नाही. ती वरून आली होती.

मी त्यांना पाठीवर घालून घरी आणलं, खाली ठेवलं आणि पहार उचलली. मला काही ऐकू येत नव्हतं. धाकटा मालक दुपारचा ऑफिसात झोपतो हे मला माहीत होतं. झोपेतच त्याचं डोकं फोडायचं, एवढंच माझ्या डोळ्यांपुढं होतं. नवरा एका हातानं मला धरायला लागला, मी त्याला ढकललं, तो बरगड्या धरून खाली बसला. दारात वन्संनी मला गाठलं आणि खाडकन माझ्या मुस्काटात मारली. लग्न होऊन आल्यापासून या बाईनं मला कधी मोठ्यानं हाक मारली नव्हती.

रक्त थुंकत, अडखळत म्हणाल्या, "वहिनी, तू हात उचललास, की माझ्या तोंडाचा उपयोग संपला. मग त्यांनी फोडलं काय नि नाही फोडलं काय."

पहार हातातून गळून पडली. मी ढसाढसा रडले, रागानं. त्या बाईनं मला मारलं म्हणून नाही. मला त्याचं डोकं फोडायला मिळालं नाही म्हणून.

तारखेच्या दिवशी वन्सं तसंच सुजलेलं तोंड घेऊन आल्या. म्हातारा वकील त्यांना बघून चरकला. पुढची तारीख मागू म्हणाला. वन्संनी मान हलवली. पुढच्या तारखेपर्यंत आणखी काय काय फोडतील, कुणी सांगावं.

कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर एक कपडे धुणारी बाई बसली होती, वाळलेली, हातांना सोड्यानं चिरा पडलेल्या. शेजारी तिचा बाप, ठार बहिरा. तिचं घरही कुणीतरी पाडायला निघालं होतं, आणि आमच्यानंतर तिच्यासाठीही वन्संच बोलणार होत्या. ती माझ्याशी बोलेना, वकिलाशी बोलेना. काळा कोट दिसला की अंग चोरायची. वन्सं तिच्याजवळ बसल्या आणि त्या फुटक्या ओठांनी तिला काय काय समजावत राहिल्या. बाई त्यांचा हात सोडायला तयार नव्हती. मला तिचा राग आला. म्हटलं, आधी आमचं होऊ दे बये.

आत गेलो. वन्संनी आमचं सगळं सांगितलं. बोबडं बोलत होत्या, न्यायाधीश बाई दोनदा पुन्हा विचारत होत्या, पण सांगितलं. मग नवरा साक्षीला उभा राहिला. मालकाचा वकील त्याच्याभोवती घिरट्या घालायला लागला. तू मिलमध्ये कामाला होतास? होतो. पुरावा? हात बघा माझे. हात तर हमालाचेही असेच असतात. हजेरीचा कागद? नाही. कुणी साक्षीदार? मागच्या बाकावर धाकटा मालक पाय हलवत बसलेला. नवऱ्याच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. ती मला ओळखीची आहे.

वकिलानं वन्संकडे बोट केलं. "ही तुझी बहीण ना? बाईमाणसाचं तोंड असं उगाच कुणी फोडत नाही. कुणाच्या घरात सापडली होती?"

नवऱ्यानं कठड्यावर चांगला हात टाकला आणि पाय वर घेतला. तो वकिलावर उडी घेणार होता. वकिलाचं नरडं त्याच्या हातात आलं असतं तर त्यानं सोडलं नसतं, आणि त्याक्षणी आमचं घरही गेलं असतं. न्यायाधीश बाई काही बोलणार, शिपाई धावणार, त्याच्या आत वन्संची मूठ छातीशी आली.

नवरा जागच्या जागी थांबला. एक पाय वर, तसाच. पात्यापुढं थांबावं तसा. मग पाय खाली घेतला.

मालकाचा वकील ओरडलाच. "बघा, बघा, साक्षीदाराला खुणा करताहेत! ठरवून पढवून आणलंय!" न्यायाधीश बाईंनी वन्संना विचारलं, की ही कसली खूण? वन्संनी तोंड उघडलं, पण त्यांना दम लागला होता, शब्द फुटेना. आणि मागून धाकटा मालक ताडकन उठला. आनंदानं त्याचा चेहरा नुसता फुलला होता. आता सापडली म्हणून.

"मी सांगतो ना! ही थांब म्हणायची खूण आहे. आमच्या मिलमधली. पातं चालू असलं की हीच करतात. या बाईनंच लहानपणी मला शिकवली, ही पात्यापाशी उभी असायची आणि हा पलीकडून..."

तिथं त्याची जीभ अडखळली. त्याच्या वकिलानं डोळे मिटून घेतले.

न्यायाधीश बाईंनी त्याचं लेखी उत्तर पुढं ओढलं. मग म्हणाल्या, "तुम्ही तर लिहून दिलंय, ही माणसं तुमच्या मिलमध्ये कधी नव्हतीच."

धाकटा मालक खाली बसला. उभा राहिला. पुन्हा बसला. मला इतकं हसू आलं की मी तोंडावर हात दाबला, आणि हाताखाली रडतही होते. न्यायाधीश बाईंनी ते लिहून घेतलं, त्याचं त्याच्याच तोंडचं. आणि आमच्या घराला आता शेवटचा निकाल लागेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असं सांगितलं. नवऱ्यानं कठड्यावर डोकं टेकलं.

पण त्या थांबल्या नाहीत. वन्संना म्हणाल्या, खूण केलीत?

म्हातारा वकील मागून कुजबुजत होता, हात आपोआप गेला म्हणा, सवयीनं गेला म्हणा. तेच खरंही होतं. वन्सं म्हणाल्या, "हात आपोआप गेला. पण थांबवायचंच होतं मला त्याला. केली खूण."

साक्षीदाराला खूण करायची नाही हा नियम. वकिलानं केली असती तर त्यालाही सोडलं नसतं, न्यायाधीश बाई म्हणाल्या, आणि मला वाटतं त्यांना बोलताना वाईट वाटत होतं. आजपासून वन्संनी कुणासाठीही कोर्टात उभं राहायचं नाही. कार्ड काढून द्या. कार्डाच्या दोरीची गाठ सुटेना. म्हाताऱ्या वकिलानं आपल्या हातानं ती वन्संच्या मानेवरून सोडवली. मला वाटलं, ओरडून सांगावं, की अहो, या बाईनं आत्ता तुमच्या डोळ्यांदेखत एक खून थांबवला. साक्षीवरून परतलेल्या नवऱ्यानं माझं मनगट धरून ठेवलं होतं.

लगेच पुढचा पुकारा झाला. ती कपडे धुणारी बाई बापाला धरून आत आली, आणि सरळ वन्संच्या शेजारी जाऊन उभी राहिली. शिपायानं वन्संना मागच्या बाकावर बसायला लावलं. म्हातारा वकील म्हणाला, मी बोलतो हिच्यासाठी. त्यानं प्रयत्न केला, त्याला नावं ठेवणार नाही मी. तारीख मागितली, ती मिळाली. पण तोपर्यंत घर पाडू नये असं म्हणायला काहीतरी कारण हवं, आणि कारण त्या बाईच्या पोटात होतं. न्यायाधीश बाईंनी स्वतः तिला विचारलं, एकदा, दोनदा, समजुतीनं. केव्हापासून राहता? घर कुणी दिलं? बाई काळ्या कोटाकडे बघायची, खाली बघायची, आणि मग मान वळवून वन्संकडे बघायची. वन्सं माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांना सगळं ठाऊक होतं, सकाळीच बाईनं त्यांच्या कानात सांगितलं होतं. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले होते. बाकच हलत होता, इतकं त्यांचं अंग कापत होतं.

बाईच्या तोंडून एक शब्द आला नाही. समोरच्यांनी कागदावर कागद ठेवले. पाडकाम अडवून धरायला कारण दिसत नाही, असं झालं. समोरची माणसं आमच्याआधी बाहेर पडली, घाईघाईनं. कुठं निघाली ते सगळ्यांना कळत होतं.

व्हरांड्यात बाईनं वन्संना गाठलं. तिनं हात उचलला आणि वन्संच्या त्या सुजलेल्या तोंडावर मारला. ओठ पुन्हा फुटला, रक्त हनुवटीवरून गळ्यात उतरलं. मी पुढं झाले. दुसरं कुणी असतं तर मी तिथंच आडवं केलं असतं.

बाईनं माझ्याकडे बघितलं. "तुमचं घर राहिलं ना?"

"राहिलं," मी म्हणाले. माझा हात खाली आला.

ती मटकन फरशीवर बसली. तिच्या बहिऱ्या बापाला यातलं काही कळलं नव्हतं. तो काठी धरून उभा, एकेकाच्या तोंडाकडे बघत. बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्यांदा त्यानं विचारलं, काय झालं, आपण जिंकलो का? बाईनं गुडघ्यांत डोकं घातलं. मग वन्संनी तोंडावरचं रक्त पुसलं आणि म्हाताऱ्याच्या कानाशी वाकल्या.

"नाही, बाबा. माझ्यामुळं हरलात."

दात नसलेल्या तोंडातून ते बोबडं आलं. म्हाताऱ्याला कळलं नाही. तो हसला, कानामागं हात धरला आणि म्हणाला, अं? जरा जोरात सांग. वन्संनी छाती भरून श्वास घेतला, खोकला गिळला आणि पुन्हा सांगितलं, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.